समोरच्या बाजूचं सैन्य

२८ मिलिमीटर उंचीचा शिशाचा एक सैनिक मेजावर उभा करायचा, तर आधी बारीक कानशीने त्याच्या अंगावरची साच्याची रेघ घासून काढावी लागते. मग प्रायमरचा हात. तो वाळला की कोट, पाटलोण, खांद्यावरचे पट्टे, बंदूक, चेहरा असे एकेक मूळ रंग भरायचे. त्यावर गडद रंगाचा पातळ वॉश सोडायचा, तो कपड्यांच्या घड्यांत जाऊन बसतो. आणि तो सुकला की जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग नुसता घासायचा. सगळ्यात शेवटी पायाखालच्या चकतीवर डिंक, वाळू आणि कृत्रिम गवत. एका सैनिकाचं हे काम झालं. नेपोलियनच्या काळातली एक साधी पलटण दिसायला हवी तर असे वीस-तीस सैनिक लागतात, आणि सैन्य म्हणण्याजोगं काही उभं राहायला अशा कितीतरी पलटणी, घोडदळ, तोफा. कित्येक महिने खपून हे सगळं तयार झालं, तरी त्याचं एकट्याने करायचं काय हा प्रश्न राहतोच, कारण लढाईच्या खेळाला समोर दुसरं सैन्य लागतं. म्हणूनच या छंदातल्या बहुतेकांच्या घरी हौसेने आणलेले आणि कधीच न रंगवलेले सैनिक खोक्यांत पडून असतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या वॉरगेमरांच्या बोलण्यात या साठ्याला शिशाचा डोंगर म्हणतात. त्या डोंगरातून एखादं सैन्य खरोखर बाहेर कशामुळे येतं? या छंदाचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मला त्याचं उत्तर फार स्पष्ट दिसतं. कोणीतरी ओळखीच्या, आवडत्या माणसाने समोरच्या बाजूचं सैन्य उभं करायला घेतलेलं असतं, आणि त्याच्यापुढे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

आधुनिक मिनिएचर वॉरगेमिंगची सुरुवात ज्या पुस्तकापासून धरतात, त्या एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’मध्येच याचा पहिला भक्कम पुरावा सापडतो. हे पुस्तक १९१३चं. केंट परगण्यात सँडगेट इथे वेल्स राहत असे. त्याच्या घरी जेवायला आलेल्या एका मित्राने (वेल्स त्याची फक्त जे. के. जे. ही आद्याक्षरं देतो. हा विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असं मानलं जातं) मुलांच्या पसाऱ्यातली स्प्रिंगची छोटी तोफ उचलली, तिच्यात लाकडी गोळा भरला, नेम धरला आणि एक सैनिक पाडला. एवढ्यावर तो थांबला असता तर पुढे काहीच घडलं नसतं. त्याने त्या नेमाची फुशारकी मारली, ‘आता तू पाडून दाखव’ म्हणाला, आणि ते आव्हान लगेच स्वीकारलं गेलं. तोफ ब्रिटन्स कंपनीची होती. या कंपनीने १८९३पासून पोकळ शिशाचे सैनिक काढून ते मध्यमवर्गीय घरांना परवडतील असे केले होते, त्यामुळे सैनिक आणि तोफा अशा कितीतरी घरांत होत्याच. वस्तू वीस वर्षं उपलब्ध होती, पण पुस्तकरूपाने नियम बाहेर आले ते दोन मोठ्या माणसांना एकमेकांपेक्षा चांगला नेम धरायची खुमखुमी आली त्यानंतर.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वेल्स नियम कसे तयार झाले ते टप्प्याटप्प्याने सांगतो आणि प्रत्येक टप्प्याला कारण एकच, कोणीतरी हरला किंवा कोणीतरी अडून बसला. खेळाडू चाल करायला फार वेळ घेऊ लागले, म्हणून चालीला वेळेची मर्यादा आली. तोफा इतक्या प्रभावी ठरल्या की पायदळाला पुढे सरकायचं कारणच उरेना, म्हणून तोफेजवळ आपल्या बाजूचे किमान चार सैनिक असल्याशिवाय ती डागता येणार नाही असं ठरलं. मांडणी आधीच दिसते, मग अचानक हल्ल्याची मजा कुठली, म्हणून मांडामांड होईपर्यंत मधे पडदा ओढला जाऊ लागला. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातून परतलेला एक कॅप्टन या मंडळींत आला आणि त्याने रणांगणाच्या अनुभवावरून आणखी सुधारणा सुचवल्या. या माणसांना एकमेकांना हरवायचं होतं, हे उघड आहे. पण हरलेला माणूस पुढच्या शनिवारी पुन्हा जमिनीवर बसायला हवा होता, नाहीतर जिंकणाऱ्याचाही खेळ संपला. म्हणून प्रत्येक तक्रारीतून भांडण होण्याऐवजी नियम निघाला. मैत्रीतल्या चुरशीचं खास वैशिष्ट्य मला इथे दिसतं. तिच्यात जिंकणाऱ्याला समोरचा तगडा राहावा असं मनापासून वाटत असतं.

वेल्सच्या आधीचं उदाहरण खेळाचं नाही, तरी याच जातीचं आहे. जून १८२६मध्ये यॉर्कशरमधल्या हॅवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटे लीड्सहून आपल्या मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, लाकडी सैनिकांचा एक संच घेऊन आले. त्याच्या दहा वर्षांच्या बहिणीने, शार्लटने, त्यातला सर्वांत देखणा सैनिक उचलून त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून टाकलं. लगोलग ब्रॅनवेलने आपल्या सैनिकाला बोनापार्ट केलं. एमिली आणि अ‍ॅननेही एकेक निवडला. बहिणीचा वेलिंग्टन म्हटल्यावर भावाचा नेपोलियन होणं अपरिहार्यच होतं. त्या निवडीतून ग्लास टाउन नावाचं काल्पनिक राज्यमंडळ आलं, मग १८३४पासून अँग्रिया. सैनिकांच्या हातात शोभतील इतकी चिमुकली, हाताने शिवलेली पुस्तकं आली. शार्लटचा झमोर्ना आणि ब्रॅनवेलचा नॉर्थँगरलँड हे दोन नायक वर्षानुवर्षं एकमेकांवर डाव टाकत राहिले, म्हणजे खरं तर बहीण आणि भाऊ आपापल्या लेखणीने एकमेकांना डिवचत राहिले. धाकट्या दोघींना मोठ्यांच्या तंत्राने चालायचा कंटाळा आला तेव्हा त्यांनी वेगळं होऊन गोंडल नावाचा आपला स्वतंत्र देश काढला. ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या हातांचा पहिला मोठा सराव या चढाओढीत झाला. एकट्या शार्लटने हे केलंच नसतं, असं सिद्ध करता येणार नाही. पण तिने लिहिलेल्या पानांतली कितीतरी पानं ही ब्रॅनवेलच्या पानांना दिलेली उत्तरं आहेत, आणि ब्रॅनवेलची तिच्या पानांना, हे त्या हस्तलिखितांवरून दिसतं.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या कोणत्याही मराठी मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. शेजारच्या वाड्यातल्यांनी बुरुजाला चोरवाट काढली हे कळल्यावरच आपल्याकडे गोणपाटाखाली आणखी दगड रचले जातात, अळीव लवकर पेरले जातात आणि खंदकात पाणी खेळवायची युक्ती सुचते. पण किल्ल्याला किल्ल्याचं उत्तर देताना दोन्ही आपापल्या अंगणात राहतात. वॉरगेमिंगमध्ये ती दोन कामं एकाच मेजावर आणावी लागतात, आणि त्यामुळे तिथली चुरस जास्त गुंतागुंतीची होते: काळ एक हवा, आकार एक हवा, नियम दोघांना मान्य हवेत. सैनिक रंगवायच्या आधीच प्रतिस्पर्ध्याशी करार करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा करार समुद्रापलीकडे जाऊ लागला. कॅलिफोर्नियातला जॅक स्क्रबी स्वतःच सैनिक ओतत असे. १९५७मध्ये त्याने ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक सुरू केलं आणि विखुरलेल्या हौशी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचा फिजिओथेरपिस्ट डोनाल्ड फेदरस्टोन आणि त्याचा मित्र टोनी बाथ हे त्याच्याशी जोडले गेले. फेदरस्टोनचं ‘वॉर गेम्स’ १९६२ साली आलं आणि ब्रिटनमधल्या एका पिढीचं ते पाठ्यपुस्तकच झालं. त्या पुस्तकाची घडण बघण्यासारखी आहे. त्यात प्राचीन काळातल्या लढायांचे नियम बाथचे आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धाचे आणखी एका मित्राचे. ज्यांच्याशी मेजावर लढायचं त्यांचेच नियम फेदरस्टोनने आपल्या पुस्तकात मानाने छापले. बाथने तर त्याहून मोठं काम काढलं. रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कथांतल्या जगावरून त्याने हायबोरिया नावाचा खंड आखला, त्यातली राज्यं मित्रांना वाटून दिली, आणि राजे, सेनापती, लग्नं, कट, फितुरी यांच्यासकट ही मोहीम पत्रव्यवहारावर अनेक वर्षं चालवली. नकाशावर दोन सैन्यं समोरासमोर आली की लढाई मेजावर व्हायची. राज्य आपलं झाल्यावर त्याचं घोडदळ शेजाऱ्याच्या घोडदळापेक्षा वाईट दिसून कसं चालेल? बाथच्या मेजावरच्या सैन्यांचा पसारा वाढला तो या राजांच्या हट्टांमुळे, असं म्हणायला माझी हरकत नाही.

चुरशीतून एखादं सैन्य तयार होतं हे मान्य करून कोणी म्हणेल की त्यातून नवी कल्पना निघते का? याचं उत्तर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनिअ‍ॅपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत मिळतं. तिथल्या वॉरगेमरांच्या गटातल्या डेव्हिड वेस्लीने १९६९मध्ये नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाची लढाई मांडली. गावाबाहेर दोन सैन्यं येत होती, आणि गावातल्या लोकांच्या भूमिका त्याने मित्रांना दिल्या: कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकर, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. पंच म्हणून निवाडा करायची पद्धत त्याने चार्ल्स टॉटनच्या १८८०च्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या जुन्या पुस्तकातून घेतली होती. खेळाडू एकमेकांना बाजूला घेऊन कुजबुजू लागले, कारस्थानं रचू लागले, आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच रात्र संपली. वेस्लीला हा प्रयोग फसला असं वाटलं, पण मित्र पुन्हा मांड म्हणून मागे लागले. पुढच्या एका डावात, बनानिया नावाच्या लॅटिन अमेरिकी देशात, डेव्ह आर्नेसनने क्रांतिकारकाची भूमिका घेतली आणि सीआयएचं खोटं ओळखपत्र घरून बनवून आणून आपण मुळात गुप्तहेर आहोत असं सगळ्यांना पटवलं. त्या गटात मग प्रत्येकाला आधीच्यावर कडी करायची होती. एकाने अमेरिकी वेस्टमधलं गाव मांडलं. आर्नेसनने १९७१च्या सुमाराला ब्लॅकमूर मांडलं. एका जर्मन कंपनीच्या प्लॅस्टिकच्या किल्ल्याखाली तळघरांचा चक्रव्यूह, त्यात राक्षस, आणि प्रत्येक खेळाडूच्या हाती पलटणीऐवजी एकच माणूस.

ब्लॅकमूरमध्ये सुरुवातीला जे लढाईचे नियम वापरले गेले ते विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हा गावातले होते. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ १९७१मध्ये आलं होतं. मध्ययुगीन सैन्यांसाठीच्या या पुस्तकाच्या शेवटी ड्रॅगन आणि जादूगारांचीही पुरवणी होती. १९७२च्या अखेरीस आर्नेसनने लेक जिनिव्हाला जाऊन ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गायगॅक्स तो खेळ खेळला आणि त्याच्या उत्तरादाखल त्याने आपल्या ग्रेहॉक किल्ल्याची तळघरं आखायला घेतली. पाठोपाठ नियमांचा मसुदा लिहिला. जानेवारी १९७४मध्ये दोघांच्या नावाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडलं, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. आज जगभर कोट्यवधी लोक जे भूमिकांचे खेळ खेळतात, संगणकावरसुद्धा, त्यांची ही गंगोत्री आहे. या साखळीत कोणत्याही टप्प्यावर कोणी बाजाराकडे बघून काही केलेलं दिसत नाही. ब्राउनश्टाइनला ब्लॅकमूरने उत्तर दिलं, ब्लॅकमूरला ग्रेहॉकने. कल्पना पुढे गेली ती मित्राचं काम पाहून हात शिवशिवल्यामुळे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. आजच्या वॉरगेमिंगमध्ये नव्या सैन्यांची लाट कंपन्या आणतात, मित्र नव्हे, असं कोणी म्हणेल. आणि ब्रिटनमधली गेम्स वर्कशॉप ही कंपनी त्याचं उदाहरण म्हणून पुढे येईल. १९७५मध्ये तीन मित्रांनी सुरू केलेल्या या कंपनीचा ‘वॉरहॅमर’ १९८३मध्ये आला, ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७मध्ये, आणि नवं सैन्य, नवी नियमपुस्तिका, नवे रंग असं तिचं चक्र कायम फिरत असतं. हा आक्षेप अर्धा खरा आहे. विकत घ्यायला कंपनी लावते, यात शंका नाही. पण विकत घेतलेलं रंगवून मेजावर आणायला ती लावू शकत नाही, आणि हे त्या कंपनीलाही नीट कळलं होतं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हाइट ड्वार्फ’ या तिच्या मासिकाने ‘चार गेमरांची कहाणी’ अशा अर्थाची एक मालिका चालवली. चौघांनी चार सैन्यं निवडायची, दरमहा ठरावीक रकमेतच खरेदी करायची, महिन्याभरात रंगवून झालेलं छापून दाखवायचं आणि अधूनमधून एकमेकांशी लढायचं. ही मालिका वाचकांना इतकी भावली की तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि क्लबाक्लबांतून लोकांनी आपले चार जण जमवून तोच क्रम सुरू केला. त्या मालिकेचं यश मला त्या मर्यादित रकमेत दिसतं. ज्याच्याकडे जास्त पैसे त्याचं सैन्य मोठं, ही शक्यताच तिने काढून टाकली. उरली ती निवड, चिकाटी आणि हात. कंपनीने माल विकण्यासाठी मैत्रीतल्या चुरशीचा साचा उसना घेतला, तेव्हा तिने नकळत तो साचा किती मूलभूत आहे हे दाखवून दिलं.

एकट्याने खेळणारेही आहेतच, आणि त्यांना कमी लेखायचं कारण नाही. अनेकांना जवळपास कोणी सोबती नसतो, काहींना एकांतच हवा असतो. फेदरस्टोनने १९७३मध्ये त्यांच्यासाठी ‘सोलो वॉरगेमिंग’ असं स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पण त्या प्रकारातल्या युक्त्या कशासाठी आहेत? शत्रूची चाल फाशांनी ठरवायची, संधीची पत्ती उलटायची, समोरच्या सेनापतीला स्वभाव द्यायचा, म्हणजे तो आपल्याला चकवू शकेल. नसलेला प्रतिस्पर्धी घडवायची ही सगळी खटपट आहे. ती मेजावर बऱ्यापैकी साधते, पण फासे कधी नवं सैन्य आणून समोर ठेवत नाहीत.

चुरस बिघडते हे मात्र मान्य करायलाच हवं, आणि तिचं बिघडणं दोन प्रकारचं असतं. पहिला प्रकार स्पर्धांचा. अनोळखी माणसांत ट्रॉफीसाठी खेळताना जे सैन्य हमखास जिंकतं तेच सगळे घेतात, म्हणून मोठ्या स्पर्धांत एकसारखी सैन्यं पुन्हा पुन्हा दिसतात. तिथे कौशल्य असतं, पण नवं काही सुरू करण्याची जोखीम परवडत नाही. (रंगकामाच्या स्पर्धांना हे तितकंसं लागू नाही, १९८७पासूनच्या ‘गोल्डन डीमन’ने रंगवण्याची पातळी निश्चित उंचावली. तिथे समोरच्याची मूर्ती बघून शिकता येतं.) दुसरा प्रकार अधिक क्लेशाचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खपू लागल्यावर श्रेय आणि मानधन यांवरून आर्नेसनने १९७९मध्ये गायगॅक्सच्या कंपनीवर दावा लावला आणि १९८१मध्ये तडजोड झाली. ज्या दोघांनी एकमेकांच्या तळघरांना तळघरांनी उत्तर दिलं, त्यांना आता वकिलांमार्फत बोलावं लागलं. त्यानंतर दोघांनी मिळून काही मोठं निर्माण केलं नाही. दोष कोणाचा हे ठरवणं इथे माझं काम नाही. पण समोरचा टिकावा ही गरज संपली, तो हिस्सेदार झाला, आणि त्याबरोबर ती सुपीक चुरसही गेली, एवढं या घटनेतून दिसतं.

युद्धाला खेळ करणं हेच मुळात गैर नाही का, हाही प्रश्न येतो आणि तो टाळू नये. वेल्सने तो स्वतःच आपल्या पुस्तकाच्या शेवटी घेतला होता. खऱ्या युद्धाची अवाढव्य मूर्खता कळायला तीन-चारदा हा छोटा खेळ खेळून बघावा, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, त्यामुळे त्याची आशा फोल ठरली असं म्हणता येईल. तरी माझ्या मते त्याचा मुद्दा शिल्लक आहे, कारण शत्रूचं सैन्य स्वतःच्या हाताने रंगवणारा माणूस त्या सैन्याला कःपदार्थ समजू शकत नाही. त्याला त्याचा पोशाख, त्याची शिस्त, त्याच्या तोफा आणि त्याची बाजू शोधून काढावी लागते.

याचं आपल्याशी थेट नातं सांगणारं उदाहरण असईच्या लढाईचं आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर चाल केली. हाच पुढे वेलिंग्टन झाला, शार्लट ब्राँटेच्या लाकडी सैनिकाला ज्याचं नाव मिळालं तो. ब्रिटन-अमेरिकेतले वॉरगेमर वेलिंग्टनच्या प्रेमापोटी ही लढाई मांडतात, आणि त्याचे लाल कोटवाले, हायलँडर्स, ड्रगून रंगवायला माणसं कधीच कमी पडत नाहीत. अडतं ते समोरच्या बाजूला. पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली शिंद्यांचं सुमारे १०,८०० कवायती पायदळ तिथे उभं होतं. पन्नास माणसांमागे एक सैनिक धरला तरी २१६ मूर्ती होतात. त्याखेरीज शंभरावर तोफा, ज्यांतल्या ९८ इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि बाजूला हजारोंचं घोडदळ. वेलस्लीने अनपेक्षित उतारावरून नदी ओलांडली, तेव्हा या पायदळाने आपली सगळी आघाडी वळवून नवी रांग धरली. त्या दिवशी इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, त्यांतले बरेच या तोफखान्याच्या माऱ्याने. म्हातारपणी वेलिंग्टनने आपल्या लढायांत असईला सर्वांत वरचं स्थान दिलं होतं. मेजावर ही लढाई एकतर्फी होऊ नये असं वाटत असेल, तर कोणीतरी हे कवायती पायदळ त्याच निगुतीने उभं करावं लागतं, त्या रांगेला वळता येईल असे नियम लिहावे लागतात, तोफांना त्यांचं वजन द्यावं लागतं. लाल कोटवाल्या मित्राशी चुरस असलेला एखादा हौशी माणूस म्हणूनच शिंद्यांच्या कंपूंची, म्हणजे या कवायती फौजेच्या तुकड्यांची, माहिती जमवायला बसतो: पलटणी किती, तोफा कुठल्या ओतशाळेतल्या, अधिकारी कोण, रांग कोणत्या हुकुमावर फिरली.